डेटा चालू केला की बायस लॉक उतरत्या बाजूला का सरकतो?

प्रकाशवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

१० गिगाबिट एनआरझी (प्रकाश चालू-बंद करून बिट पाठवणाऱ्या) ट्रान्समीटरसाठी बायस कंट्रोलचा, म्हणजे मॉड्युलेटरचा कामाचा बिंदू डीसी व्होल्टेजने जागेवर धरणारा, बोर्ड तयार केला आहे. मॉड्युलेटर (लेसरच्या प्रकाशावर डेटा चढवणारा भाग) लिथियम नायोबेटचा, झेड-कट (क्रिस्टल कापण्याची दिशा), सिंगल ड्राइव्ह, बायसचा पोर्ट वेगळा. बायस पोर्टचा व्ही-पाय (प्रकाश कमालपासून किमानपर्यंत नेणारं व्होल्टेज) ५ व्होल्ट, आरएफ पोर्टचा ५.५ व्होल्ट. लेसर +१३ डीबीएम, मॉड्युलेटरचा लॉस ४ डीबी. बाहेर १ टक्का प्रकाश काढून घेणारा टॅप, त्यावर फोटोडायोड आणि २० किलोओहमचा ट्रान्सइम्पिडन्स अ‍ॅम्प्लिफायर. बायस पूर्ण वर असताना त्याच्या आउटपुटला सुमारे १.६ व्होल्ट मिळतात.

बायसवर १ किलोहर्ट्झचा डिदर (छोटी साइन वेव्ह) टाकतो, ०.२५ व्होल्ट पीक. टॅपवर दिसणारा त्याचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा टोन) शून्यावर आणायचा आणि पहिल्या हार्मोनिकच्या चिन्हावरून मॉड्युलेटरच्या वक्राची चढती बाजू निवडायची, अशी नेहमीची पद्धत आहे. डेटा बंद असताना लॉक तासन्‌तास जागचा हलत नाही. ड्रायव्हर चालू केला (६ व्होल्ट पीक-टू-पीक) की पुढीलपैकी काहीतरी होतं:

- बायस ०.३ व्होल्ट इकडेतिकडे भटकत राहतो, किंवा
- काही मिनिटांत बरोबर ५ व्होल्ट दूर जाऊन स्थिर बसतो. आय (स्कोपवर बिट एकमेकांवर रचून दिसणारी डोळ्यासारखी आकृती) छान उघडलेला दिसतो, पण एरर टेस्टर सगळंच चूक दाखवतो. टेस्टरवर पोलॅरिटी उलटी केली की चुका शून्य.

ड्रायव्हर गरम झाला की वागणं बदलतं, म्हणून हा तापमानाचा ड्रिफ्ट असावा असा अंदाज आहे. मॉड्युलेटरखाली पेल्टिये बसवून प्रश्न सुटेल का?

---

कोसाइन

पेल्टियेचा खर्च तूर्त थांबवा. हा ड्रिफ्ट नाही. तुमच्या लूपचं चिन्ह उलटतंय, आणि ते उलटवणारा तुमचाच डेटा आहे.

डिदरच्या १ किलोहर्ट्झच्या मानाने डेटा इतका वेगवान आहे की टॅपवरच्या फोटोडायोडला फक्त सरासरी दिसते. डेटाने दिलेली फेज थीटा आणि बायसची फेज फाय धरा. डेटा सममित असेल तर सरासरी पॉवर अशी येते:

सरासरी = (कमाल ÷ २) × [१ + स × कोसाइन(फाय)]

यातला 'स' म्हणजे कोसाइन(थीटा)ची सरासरी. डेटा बंद असताना थीटा शून्य, म्हणून स = १. डेटा चालू असताना थीटा ± अ या दोन टोकांवर असते आणि स = कोसाइन(अ). स्विंग बरोबर व्ही-पाय इतका असेल तर अ = ९० अंश, म्हणजे स = ०. बायस कुठेही न्या, सरासरी पॉवर जागची हलत नाही. डिदरचा पहिला हार्मोनिक स × साइन(फाय) प्रमाणे आणि दुसरा स × कोसाइन(फाय) प्रमाणे असतो, त्यामुळे दोघेही एकदमच नाहीसे होतात.

आता तुमचे आकडे घालू. ६ व्होल्ट स्विंग आणि ५.५ चा व्ही-पाय, म्हणजे अ = ९८ अंश आणि कोसाइन -०.१४. पण बिट एका क्षणात बदलत नाही. समजा चढ-उताराला बिटच्या ३० टक्के वेळ लागतो. निम्म्या बिटांना बदल होतो, म्हणजे एकूण १५ टक्के वेळ थीटा मधल्या भागातून जाते आणि तिथे कोसाइनची सरासरी +०.५८ आहे. ०.८५ × (-०.१४) + ०.१५ × ०.५८ केलं की हाती -०.०३ उरतात. डेटा बंद असताना तुमचा लूप गेन १ होता, आता तो ३ टक्के आहे आणि तोही उलट्या चिन्हाचा.

हाच हिशोब ५ व्होल्ट स्विंगला केला तर +०.२२ आणि ६.५ व्होल्टला -०.१६ येतो. म्हणजे ६ व्होल्टला तुम्ही अगदी कुंपणावर बसला आहात. ड्रायव्हर तापून स्विंग थोडा उतरला किंवा राइझ टाइम बदलला की चिन्ह या बाजूचं त्या बाजूला. तुम्हाला दिसलेला तापमानाचा संबंध तो हाच.

चिन्ह उलटलं की लूप चढत्या बाजूपासून दूर पळतो आणि पुढच्या क्वाड्रेचरला (वक्राच्या कमाल-किमानच्या मधल्या बिंदूला), म्हणजे एक व्ही-पाय (तुमच्या बायस पोर्टवर ५ व्होल्ट) अंतरावर, स्थिरावतो. पहिल्या हार्मोनिकचं चिन्हही त्याच 'स'ने उलटलेलं असल्याने तुमची बाजू तपासण्याची सोयही 'सगळं ठीक' असंच सांगते. आय उघडा आणि डेटा उलटा, हे त्याचं नेमकं लक्षण. आणि ०.३ व्होल्टची भटकंती म्हणजे स शून्याजवळ असताना इंटिग्रेटर नुसत्या नॉइजच्या मागे धावतोय.

खातरजमा सोपी आहे. लूप उघडा, बायस हाताने क्वाड्रेचरला ठेवा, डिदर चालू राहू द्या आणि ड्रायव्हरचा स्विंग ४ व्होल्टपासून हळूहळू वाढवत पहिला हार्मोनिक मोजा. तो कमी होत होत शून्य होईल आणि मग उलट्या फेजने वाढू लागेल. मोजमाप लॉक-इन पद्धतीचं (डिदरशीच ताडून), चिन्हासकट हवं. नुसतं मॅग्निट्यूड पाहिलं तर हे निसटतं.

---

रात्रपाळी

+१ वरच्या उत्तराला.

पण मग डिदरचा खटाटोप हवाच कशाला? इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे टॅप लावा, दोघांच्या पॉवरचं गुणोत्तर घ्या आणि ते कमालच्या निम्म्यावर धरून ठेवा. कमी भाग लागतात, बायसवर टोन नाही, दुसऱ्या हार्मोनिकची कटकट नाही.

---

लॉक-इन

@रात्रपाळी, इथे ते चालणार नाही. कोसाइन यांचं समीकरण पुन्हा पाहा: स शून्य असेल तर गुणोत्तर कोणत्याही बायसला निम्मंच येणार. लूपला वाटेल आपण अचूक उभे आहोत आणि बायस वाहत जाईल. लहान स्विंगच्या अ‍ॅनालॉग लिंकला ही पद्धत ठीक, पण तिथेही कनेक्टरचा किंवा टॅपचा लॉस थोडा हलला की बिंदू हलतो. ५ टक्के फरकाने क्वाड्रेचर जवळजवळ ३ अंश सरकतो.

@प्रकाशवाट, पूर्ण स्विंगच्या एनआरझीला डिदर बायसवरून काढा आणि ड्रायव्हरच्या गेनवर टाका. स्विंग हलवला की 'स' हलतो, म्हणून टोनची उंची साइन(अ) × कोसाइन(फाय) प्रमाणे येते. यात दोन गोष्टी हाताशी लागतात. क्वाड्रेचरला पहिलाच हार्मोनिक शून्य होतो, दुसरा शोधावा लागत नाही. आणि जिथे बायसचा डिदर मरतो (अ = ९० अंश), नेमकी तिथेच साइन(अ) सर्वांत मोठी असते. अ शून्य ते १८० अंशांच्या दरम्यान कुठेही असो, चिन्ह बदलत नाही.

स्विंगवर २ टक्के डिदर द्या. क्वाड्रेचरपासून १ अंश चुकलात तर टोन कमालच्या ०.०२७ टक्के येतो, तुमच्या १.६ व्होल्टवर सुमारे ०.४४ मिलिव्होल्ट. तुलनेसाठी: बायसवर ०.२५ व्होल्टचा डिदर आणि डेटा बंद, या उत्तम परिस्थितीतही १ अंशाला तुमचा दुसरा हार्मोनिक फक्त ०.०८६ मिलिव्होल्ट होता.

आयची चिंता नको. स्विंग बरोबर व्ही-पाय असेल तर दोन्ही पातळ्या वक्राच्या सपाट माथ्या-पायथ्यावर असतात, त्यामुळे २ टक्क्यांनी त्या जेमतेम ०.०२५ टक्के हलतात. ६ व्होल्टला तोच आकडा दहापट होतो. स्विंग तसाही ५.५ वर आणलेला बरा, व्ही-पायच्या पलीकडे नेऊन मिळवण्यासारखं काही नाही.

---

प्रकाशवाट

अनेक आभार. स्विंग वाढवत नेल्यावर पहिला हार्मोनिक ५.९ व्होल्टच्या आसपास शून्य होऊन उलटला. म्हणजे निदान पक्कं.

ड्रायव्हरला अ‍ॅम्प्लिट्यूड कंट्रोलची पिन आहे. तिच्यावर १ किलोहर्ट्झ टाकून पाहिलं. लॉक आता बाजू बदलत नाही, पण आयच्या हिशोबाने ४-५ अंश बाजूलाच बसतो, आणि रोज त्याच बाजूला. हे कुठून येत असेल?

---

लॉक-इन

रोज त्याच बाजूला म्हणजे नॉइज नाही, कुठूनतरी खोटा टोन शिरतोय. जागा तीन-चारच असतात, या क्रमाने पाहा.

१. लेसर बंद करा, बाकी सगळं चालू ठेवा. तरीही १ किलोहर्ट्झला काही दिसलं तर ते सरळ इलेक्ट्रिकल पिकअप आहे. डॅकची (डिदर तयार करणाऱ्या कन्व्हर्टरची) ग्राउंड आणि फोटोडायोडची ग्राउंड एकाच पातळ ट्रॅकवरून जाते का ते बघा. ०.४४ मिलिव्होल्टला १ अंश, म्हणजे २ मिलिव्होल्टचा पिकअप तुमचे साडेचार अंश एकटाच खाऊ शकतो. सर्वात मोठा संशय इथेच.

२. अ‍ॅम्प्लिट्यूड पिन हलवल्यावर ड्रायव्हरच्या आउटपुटची डीसी पातळीही हलते. ती मॉड्युलेटरपर्यंत पोचली तर गेनच्या डिदरमध्ये बायसचा डिदर मिसळतो. मधल्या कपॅसिटरचा लो कट-ऑफ १ किलोहर्ट्झच्या बराच वर हवा. काही दहा किलोहर्ट्झ असेल तर काळजी नाही. डीसी कपल्ड ड्रायव्हर असेल तर मात्र हे नक्की तपासा.

३. आयचं क्रॉसिंग (चढत्या-उतरत्या रेषा छेदतात ती उंची) ५० टक्क्यांवर नसेल तर डेटा सममित राहत नाही आणि शून्य सरकतं. आधी ड्रायव्हरचं क्रॉसिंग लावा, मग बायस. उलटं केलंत तर दोघं एकमेकांच्या चुका झाकत बसतात.

४. पॅकेजच्या आतला मॉनिटर फोटोडायोड वापरत असाल तर (तुमचा बाहेरचा आहे, पण इतरांसाठी): काही मॉड्युलेटरमध्ये तो मुख्य आउटपुट पाहत नाही, वाय-जंक्शनजवळ बाहेर सांडलेला प्रकाश पाहतो. त्याचा वक्र उलटा असतो आणि मुख्य वक्रापासून काही अंश सरकलेलाही असतो. तो फरक एकदा मोजून सेटपॉइंटमध्ये घालावा लागतो.

दुसऱ्या हार्मोनिकवरच लॉक करणाऱ्यांसाठीही एक आकडा देऊन ठेवतो, कारण डेटाशिवायच्या किंवा लहान स्विंगच्या लिंकमध्ये तीच पद्धत लागते. डिदरच्या साइन वेव्हमध्ये स्वतःचाच दुसरा हार्मोनिक असेल तर तो मॉड्युलेटरमधून सरळ बाहेर येतो आणि खऱ्या दुसऱ्या हार्मोनिकमध्ये मिसळतो. चूक अशी: कोसाइन(फाय) = ४ × (विकृतीचं प्रमाण) ÷ (डिदरची फेज, रेडियनमध्ये). ०.२५ व्होल्ट डिदर म्हणजे ०.१५७ रेडियन. विकृती -६० डीबी असली तरी चूक दीड अंशाची. अ‍ॅम्प्लिफायरने पहिल्या हार्मोनिकपासून तयार केलेल्या विकृतीलाही हाच नियम लागू, म्हणून आधी पहिला हार्मोनिक नॉचने काढावा आणि मगच गेन द्यावा. बरेच जण नेमकं उलटं करतात.

डॅक आणि एडीसी (सिग्नल मोजणारा कन्व्हर्टर) एकाच टायमरवरून चालवा आणि मोजण्याच्या खिडकीत डिदरच्या पूर्ण आवर्तनांची संख्या बसवा. ०.१ सेकंदाची खिडकी घेतली तर विजेच्या ५० हर्ट्झची ५ पूर्ण आवर्तनं बसतात आणि ती आपोआप कापली जातात. फक्त डिदर ५० च्या पटीत नको. १००० हर्ट्झ ही तशी वाईट निवड, १०१० घ्या.

---

पायरो

निदान झालं, पण खरा ड्रिफ्ट आहेच आणि तो लूपला पुढे गाठणार. त्याबद्दल थोडं.

झेड-कटमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र चालतात. तापमान बदललं की पायरोइलेक्ट्रिक परिणामाने क्रिस्टलच्या वरच्या-खालच्या पृष्ठभागावर चार्ज जमतो आणि वेव्हगाइड बरोबर त्याच दिशेच्या फील्डमध्ये असतो. म्हणून झेड-कटवर सिलिकॉनसारख्या किंचित वाहक पदार्थाचा पातळ थर देऊन चार्ज वाहून जाऊ देतात. एक्स-कटमध्ये हा चार्ज बाजूच्या कडांवर येतो, वेव्हगाइडपासून लांब, त्यामुळे त्रास कमी. दुसरा फोटोरिफ्रॅक्टिव्ह परिणाम. १५५० नॅनोमीटरला आणि तुमच्या पॉवरला तो किरकोळ, तरंगलांबी कमी झाली की वाढतो.

तिसरा आणि सगळ्यात चिवट म्हणजे डीसी ड्रिफ्ट. इलेक्ट्रोड आणि क्रिस्टल यांच्यामध्ये सिलिकॉन डायऑक्साइडचा बफर थर असतो. व्होल्टेज लावल्याक्षणी ते दोघांमध्ये कपॅसिटन्सच्या हिशोबाने वाटलं जातं. पुढे तास-दिवस गेले की वाटणी रोधाच्या हिशोबाने होते. त्यामुळे बायस तोच ठेवला तरी वेव्हगाइडला मिळणारं फील्ड बदलत राहतं. लूप ते भरून काढायला बायस वाढवतो, वाढलेल्या बायसचा आणखी ड्रिफ्ट येतो. ड्रिफ्ट बायसच्या प्रमाणात असतो हे लक्षात घेतलं तर पुढचं आपोआप येतं:

सुरुवातीला चढत्या बाजूचे जितके क्वाड्रेचर रेंजमध्ये सापडतील, त्यातला शून्य व्होल्टच्या सर्वात जवळचा निवडा. -१ व्होल्ट आणि +९ व्होल्ट यात कधीही -१.

बिंदू शोधण्यासाठी सुरुवातीचा स्वीप थोडक्यात उरका, एक-दोन सेकंदांत. टोकाच्या व्होल्टेजवर रेंगाळलात तर तिथला चार्ज मागे राहतो आणि लॉक लागल्यावरही बराच वेळ फेज सरकत राहते. लोक त्याला लूपचा दोष समजतात.

लूप नुसता इंटिग्रेटर पुरे. स्विच ऑन केल्यावर पहिली काही मिनिटं ०.२ सेकंदाचा टाइम कॉन्स्टंट, नंतर १ ते २ सेकंद. यापेक्षा वेगवान करून फायदा नाही, नॉइज तेवढा बायसवर उतरतो.

आणि बायस सप्लायच्या टोकाला पोचला तर काय, हे फर्मवेअरमध्ये आधीच ठरवा. ±१२ व्होल्टचा सप्लाय असेल तर ±११ ला दोन व्ही-पायची, तुमच्या बाबतीत १० व्होल्टची, उडी मागे मारायची. एक व्ही-पायची नाही, नाहीतर पुन्हा डेटा उलटा आणि ये रे माझ्या मागल्या. ही उडी बायस पोर्टच्या व्ही-पायने मोजायची, आरएफच्या ५.५ ने नव्हे. उडीच्या वेळी लिंक क्षणभर तुटतेच, म्हणून ±१० ला अलार्म द्या म्हणजे वेळ निवडता येईल.

---

प्रकाशवाट

पिकअपच होता, ग्राउंड वेगळी केल्यावर चूक अर्ध्या अंशाच्या आत आली.

याच बोर्डवर पुढे आयक्यू मॉड्युलेटर (आय आणि क्यू अशा दोन शाखांचा) चालवायचा आहे, आधी क्यूपीएसके आणि नंतर १६-क्वाम (सिम्बॉलला अनुक्रमे ४ आणि १६ अवस्था देणारे फॉरमॅट). तिथेही हा 'स' आडवा येणार का?

---

कोसाइन

येणार, आणि तिथे तो प्रत्येक फॉरमॅटला वेगळा असतो.

आय आणि क्यू (इथे आय म्हणजे शाखा, वरची डोळ्यासारखी आकृती नव्हे) दोन्ही नलला (प्रकाश किमान असतो त्या बिंदूला) बसवायचे, म्हणजे बायसवर डिदर टाकून पहिला हार्मोनिक शून्य करायचा. प्रश्न फक्त चिन्हाचा. प्रत्येक शाखेतल्या फील्डची पातळी कमालच्या मानाने मोजली तर स = १ - २ × (पातळीच्या वर्गाची सरासरी). क्यूपीएसके पूर्ण स्विंगला (दोन व्ही-पाय) पातळ्या ±१, म्हणून स = -१. याचा अर्थ डेटा बंद असताना नलला सरासरी पॉवर किमान असते, तर डेटा चालू असताना त्याच नलला ती कमाल होते. लूपचं चिन्ह उलटं करावंच लागतं.

१६-क्वामच्या पातळ्या ±१ आणि ±१/३. वर्गाची सरासरी ०.५५६, स = -०.११. म्हणजे तुम्ही परत कुंपणावर. टोकाची पातळी कमालच्या ९५ टक्क्यांवर आणलीत की स शून्य होतो, ८० टक्क्यांवर आणलीत की +०.२९. १६-क्वामला साधारण ८० टक्क्यांवर चालवणं मला पटतं: थोडी पॉवर जाते, पण वक्राचा वाकडा भाग टळतो आणि लूपला ठाम चिन्ह मिळतं. ६४-क्वाम पूर्ण स्विंगलाही +०.१४ देतो. ही चिन्हं फॉरमॅटनुसार टेबलमध्ये ठेवा आणि फॉरमॅट बदलताना इंटिग्रेटर आधी गोठवा, चिन्ह बदला, मगच सोडा.

तिसरा बायस, म्हणजे आय आणि क्यू यांच्यातली ९० अंशांची फेज. आयवर आणि क्यूवर वेगळे डिदर द्या, समजा १०१० आणि १४३० हर्ट्झ. त्यांची बेरीज २४४० आणि वजाबाकी ४२०. यातला कोणताही टोन ९० अंशांना शून्य होतो. २०२० आणि २८६० हे दुसरे हार्मोनिक त्यात मिसळत नाहीत आणि सगळे ०.१ सेकंदाच्या खिडकीत पूर्ण बसतात.

पण हा मिश्र टोन दोन्ही शाखांच्या फील्डच्या उताराच्या सरासरीवर चालतो. क्यूपीएसके पूर्ण स्विंगला पातळ्या वक्राच्या माथ्यावर असल्याने तो उतार शून्य, आणि टोन फक्त बिट बदलतानाच्या वेळेतून थोडासा मिळतो. तिथे दुसरा मार्ग बरा: टॅपवर काही गिगाहर्ट्झचा फोटोडायोड आणि आरएफ पॉवर डिटेक्टर लावा. फेज ९० अंश असेल तर चारही सिम्बॉलची तीव्रता सारखी असते आणि आरएफ पॉवर किमान होते. किमान शोधायला तिसऱ्या बायसवर छोटा डिदर द्या आणि डिटेक्टरच्या आउटपुटमध्ये त्याचा पहिला हार्मोनिक शून्य करा.

क्रम पाळा: आधी आय आणि क्यू, ते बसल्यावर फेज, मग परत आय-क्यू. आय-क्यू नलपासून लांब असताना फेजचा लूप चालू ठेवला तर त्याला भलतंच शून्य सापडतं. टॅप मात्र ईडीएफएच्या (फायबर अ‍ॅम्प्लिफायरच्या) आधी घ्या. ईडीएफएचा गेन किलोहर्ट्झच्या खालचे बदल स्वतःच सपाट करू पाहतो आणि ४२० हर्ट्झच्या टोनची फेज फिरवून टाकतो.

---

पायरो

एकच भर. पुढे सिलिकॉनचा मॉड्युलेटर घेतलात तर बायस हीटरवर असतो. तिथे डीसी ड्रिफ्ट नाही, पण फेज व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे चालते. व्होल्टेजवर ५ टक्के साइन टाकली की हीटर स्वतःच -३८ डीबीचा दुसरा हार्मोनिक तयार करतो. लॉक-इन यांच्या सूत्रात तो आकडा घालून बघा. डॅकच्या टेबलमध्ये आधी वर्गमूळ काढून ठेवलं की तो जातो. आणि हीटरला उणे बाजू नाही, म्हणून सुरुवातीचा बिंदू शून्याजवळचा घेऊ नका, रेंजच्या मध्यावरचा घ्या.

---

प्रकाशवाट

वर्गमूळाचं टेबल आत्ताच फर्मवेअरच्या यादीत टाकलं. आरएफ डिटेक्टरला किती बँडविड्थचा फोटोडायोड पुरेल, ३२ गिगाबॉडसाठी?

---

कोसाइन

पूर्ण ३२ गिगाहर्ट्झ नको. फेज चुकली की सिम्बॉलगणिक तीव्रता बदलते आणि यादृच्छिक डेटामुळे ती चढ-उतार अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत पसरलेली असते. १ ते २ गिगाहर्ट्झ पुरेत. खालचा कट-ऑफ १ मेगाहर्ट्झच्या आसपास ठेवा, म्हणजे आय-क्यूचे डिदर डिटेक्टरमध्ये येणार नाहीत.